गेटच्या डाव्या पानावरचं स्वस्तिक

अंबड तालुक्यातल्या एका गावात मारुतीच्या मंदिराला लोकवर्गणीतून लोखंडी गेट करायचं ठरलं. दोन पानं, प्रत्येक 4 फूट रुंद आणि 7 फूट उंच. 40 बाय 40 मिलिमीटरच्या चौकोनी पाइपची चौकट, आत 2 मिलिमीटरचा पत्रा, त्यावर लेझरनं कापलेली वेलबुट्टी आणि प्रत्येक पानाच्या मधोमध 18 इंची गोलात आरपार कापलेलं स्वस्तिक. डिझाइन तालुक्याच्या ठिकाणी एका फ्लेक्सच्या दुकानात झालं. पत्रा जालन्याच्या औद्योगिक वसाहतीत कापला, चौकट गावातल्या मिस्त्रीनं जोडली आणि पुन्हा जालन्याला नेऊन पावडर कोटिंग करून आणलं. हनुमान जयंतीच्या सप्त्याला चार दिवस उरले असताना गेट उभं राहिलं.

त्याच संध्याकाळी हरिपाठाला आलेल्या एका आजीनं पायरीवरूनच विचारलं, "आबा, हे डावीकडचं उलटं दिसायलंय का मलाच तसं दिसायलंय?"

आजींना बरोबरच दिसत होतं. रस्त्यावरून बघताना उजव्या पानावरचं स्वस्तिक सरळ होतं, डाव्या पानावरचं उलटं. गेट दिवसभर सगळ्यांनी पाहिलं, हार घातला, फोटो काढले, पण कुणाच्या लक्षात आलं नव्हतं. त्यात नवल नाही. स्वस्तिक इतकं ओळखीचं असतं की माणूस ते बघत नाही, नुसतं ओळखतो.

रात्री मिस्त्रीला बोलावलं. त्यानं 4 इंची ग्राइंडरला 1 मिलिमीटरची कटिंग चकती लावून डाव्या पानातला गोल कापून काढला, वरची बाजू खाली केली आणि जागेवर धरला. स्वस्तिक तसंच. पाव फेरा फिरवला, तरी तसंच. पुन्हा पाव फेरा, पुन्हा तेच. बघणाऱ्यांत कुजबुज सुरू झाली. लोखंड चारी बाजूंनी फिरवूनही चिन्ह जागचं हलत नाही म्हटल्यावर एकानं बोलून टाकलं, "ह्याच्यात काहीतरी हाय. कुणीतरी मुद्दाम केलंय."

कुणी काही केलेलं नव्हतं. स्वस्तिकाचा स्वभावच तसा आहे.

उलटं आणि पालथं

सगळी गफलत 'उलटं' या शब्दात आहे. मराठीत आपण तो दोन वेगळ्या गोष्टींसाठी वापरतो. वरचं खाली गेलं तरी उलटं, आणि सदरा आतली बाजू बाहेर करून घातला तरी उलटा. पहिल्या प्रकाराला खरं तर आपल्याकडे वेगळा शब्द आहे: पालथं. तांब्या पालथा होतो. सदरा पालथा होत नाही, उलटा होतो.

स्वस्तिक पालथं होऊच शकत नाही. त्याचे चारही हात सारखे आणि प्रत्येक हात त्याच बाजूला वळलेला, त्यामुळे पाव फेरा फिरवला की एका हाताच्या जागी दुसरा तसाच हात येतो. कागदावर काढून कागद टेबलावर कितीही गोल फिरवा, काही बदलत नाही. तोच कागद उजेडाकडे धरून मागच्या बाजूनं बघा, क्षणात उलटं. स्वस्तिक सदऱ्यासारखं उलटतं: आरशात, पाठीमागून, किंवा पान उलटल्यावर.

मिस्त्रीनं गोल फिरवला, उलटला नाही. पुरी तव्यात फिरवणं आणि पलटणं यात जो फरक, तोच इथं.

सरळ कुठलं, हे ठरवायची एक खात्रीची पद्धत आहे. स्वस्तिक जमिनीवर काढलंय असं समजून मध्यावर उभं राहायचं. कुठल्याही हातावरून बाहेर चालत टोकाला यायचं. तिथं उजव्या हाताला वळावं लागलं तर ते सरळ, डाव्या हाताला वळावं लागलं तर उलटं. चारपैकी कुठल्याही हातावरून गेलं तरी उत्तर एकच येतं. यात अर्थही आहे: उजवीकडे वळून पुढं चालत राहिलं की मध्य आपल्या उजव्या हाताला राहतो, आणि देव उजव्या हाताला ठेवून चालणं म्हणजेच प्रदक्षिणा. सरळ स्वस्तिक म्हणजे चार दिशांनी सुरू झालेली प्रदक्षिणा, असं म्हटलं तर फार चुकणार नाही.

भिंतीवर किंवा गेटवर बघताना आणखी सोपं. समोरून बघताना वरचा हात उजवीकडे, उजवा हात खाली, खालचा डावीकडे, डावा वर.

कारागिराला सांगताना 'घड्याळाच्या दिशेनं' हे शब्द मात्र टाळावेत. त्यावरून पुस्तकांतही घोळ झालेला आहे. हात पुढं रोखलेली बोटं मानली तर सरळ स्वस्तिक घड्याळासारखं फिरतं. तेच हात मागं ओढल्या जाणाऱ्या ज्वाळा मानल्या तर घड्याळाच्या विरुद्ध. एकच चिन्ह, दोन लेखक, दोन दिशा. 'सव्य' शब्दाचीही तीच गत. संस्कृतात सव्य म्हणजे डावा; म्हणून तर डाव्या हातानंही बाण मारणारा अर्जुन सव्यसाची. जानवं डाव्या खांद्यावर असलं की सव्य, पितृकार्यात उजव्या खांद्यावर घेतलं की अपसव्य. पण बोलताना लोक 'सव्य' म्हणजे 'उजवं, सरळ' असं धरून चालतात. भटजींनी सव्य म्हणावं, डिझाइनवाल्यानं उजवं समजावं आणि कापणाऱ्यानं डावं कापावं, हे सहज घडू शकतं.

चूक कुठं झाली

डिझाइनच्या फाइलमध्ये. दोन पानांचं गेट करताना कुणीही दोन पानं वेगवेगळी काढत नाही. एक पान पूर्ण काढतात आणि मिरर करून दुसरं तयार करतात. वेली, मोर, समया, कमळ या सगळ्यांना ते मानवतंच, उलट जोडी छान दिसते. स्वस्तिकाला मानवत नाही. उजवं पान आधी काढलं होतं, डावं त्याचा आरसा. म्हणून बाहेरून बघताना एक सरळ, एक उलटं.

पानाच्या मधे 'श्री' असता तर ही चूक दुकानातच पकडली गेली असती. श्री उलटा झाला की शाळेतलं पोरगंही ओळखतं. स्वस्तिक निसटतं, कारण उलटल्यावरही ते स्वस्तिकच दिसतं. ऑटोकॅड या आराखडे काढायच्या सॉफ्टवेअरमध्ये तर आणखी एक फसगत आहे. मजकूर मिरर केला तरी अक्षरं सरळच ठेवायची सोय त्यात असते आणि ती सहसा चालू असते. म्हणजे फाइलमध्ये मजकूर म्हणून टाकलेला श्री सरळ राहतो, आणि रेषांनी काढलेलं शेजारचं स्वस्तिक मुकाट्यानं उलटतं. श्री सरळ दिसतोय म्हणून बाकीचंही बरोबर, असं समजायची सोय नाही.

चौकशीत दुसरी चूक निघाली आणि ती पहिलीपेक्षा मोठी होती. स्वस्तिक आरपार कापलेलं होतं. आरपार कापलेलं स्वस्तिक बाहेरून सरळ असलं की आतून उलटं असणारच. पाठपोट उघडं असलेलं कुठलंही स्वस्तिक दोन्ही बाजूंनी सरळ असूच शकत नाही. बाहेरून सरळ दिसणारं उजवं पानही आतून, गाभाऱ्याकडून, उलटंच होतं.

एका भाविकानं सुचवलं की गेटच आतलं बाहेर करून टांगावं. करून बघायची गरज नव्हती: डावं पान उजवीकडे जाईल आणि सरळ दिसेल, उजवं डावीकडे येईल आणि उलटं दिसेल. एक उलटं राहणारच.

पारावर निघालेले अर्थ

सप्ता तोंडावर असल्यामुळे दोन दिवस पारावर दुसरा विषय नव्हता. तिथं मांडली गेलेली मतं नुसत्या गावगप्पा म्हणून सोडून देता येत नाहीत. हीच मतं मराठवाड्यात कुठंही ऐकायला मिळतात.

पहिलं, उलटं स्वस्तिक म्हणजे अपशकुन. आपल्याकडे घराच्या चौकटीवर, कलशावर, लक्ष्मीपूजनाच्या वहीवर, नव्या ट्रॅक्टरच्या बॉनेटवर सरळ स्वस्तिकच काढतात, आणि उलटं निघालं तर पुसून पुन्हा काढतात. ही रीत पक्की आहे. पण उलटं म्हणजे अनिष्ट असं सगळीकडे नाही. सिंधू संस्कृतीच्या मुद्रांवर दोन्ही दिशांची स्वस्तिकं सापडतात. चीन आणि जपानमधल्या बौद्ध परंपरेत डावीकडे वळणारंच नेहमीचं आहे. जपानच्या नकाशांवर बौद्ध मंदिराची खूण तीच. तिबेटच्या बोन धर्मातही डावंच पवित्र. जैनांत स्वस्तिक सरळ असतं. सातवे तीर्थंकर सुपार्श्वनाथ यांचं ते लांछन, म्हणजे ओळखचिन्ह, आणि देव, मनुष्य, तिर्यंच (पशुपक्षी वगैरे), नारकी या चार गती म्हणजे त्याचे चार हात. देरासरात, म्हणजे जैन मंदिरात, तांदळाचं स्वस्तिक काढून त्यावर तीन ढिगल्या आणि सर्वात वर सिद्धशिलेची, म्हणजे मुक्त जीवांच्या जागेची, चंद्रकोर करतात. मारवाडी घरांत त्याला साथिया म्हणतात.

डाव्या स्वस्तिकाला 'सौवस्तिक' असं वेगळं नाव देऊन दोघांत शुभ-अशुभ अशी फाळणी करण्याची सवय 19व्या शतकातल्या युरोपीय संस्कृत अभ्यासकांच्या लिखाणातून पसरली. आपल्याकडचा जुना वापर इतका काटेकोर नव्हता. पाणिनीच्या अष्टाध्यायीत स्वस्तिक येतं ते गुरांच्या कानावर करायच्या खुणांमध्ये. गाईच्या एका कानावरची खूण दुसऱ्या बाजूनं कशी दिसते, याची चिंता तेव्हा कुणी केली असेल असं वाटत नाही.

दुसरं मत, उलटं स्वस्तिक नवसाचं असतं. हे खरं आहे, पण ते मुद्दाम काढलेलं असतं. इंदूरच्या खजराना गणपतीला मंदिराच्या मागच्या भिंतीवर भाविक उलटं स्वस्तिक काढून नवस बोलतात आणि नवस फळला की येऊन सरळ काढतात. तिथं उलटं म्हणजे अपुरं, बाकी असलेलं. लोखंडात कापलेल्या गेटला हा अर्थ लावता येत नाही. तो नवस कधी फिटायचाच नाही.

तिसरं, "उलटं म्हंजे हिटलरचं." हा समज इतका घट्ट आहे की शिकलेली माणसंही तो छातीठोकपणे सांगतात. वस्तुस्थिती अगदी उलट आहे, आणि इथं हा शब्द बरोबर बसतो. नाझी पक्षानं 1920 साली झेंड्यावर घेतलेलं आणि 1935 साली जर्मनीच्या राष्ट्रध्वजावर आलेलं चिन्ह सरळच आहे, आपल्या स्वस्तिकासारखं उजवीकडे वळणारं. फरक इतकाच की ते सहसा 45 अंश तिरकं, टोकावर उभं केलेलं असतं. पांढऱ्या गोलात काळं आणि भोवती लाल. हिटलरनं स्वस्तिक 'उलटं केलं' नाही. म्हणून जर्मनीतल्या नातेवाइकाला दिवाळीचं शुभेच्छापत्र पाठवताना नाझी चिन्हापासून वेगळं दिसावं म्हणून स्वस्तिक उलटं काढून उपयोग नाही. वेगळेपण दिशेनं येत नाही. सरळ बैठक, चार टिकल्या, रंग आणि शेजारचा कलश यांनी येतं.

चौथं मत एका तरुणाच्या मोबाइलमधून आलं: खुर्चीत बसलेले पोप, आणि खुर्चीच्या पाठीवर पालथा क्रूस. "धर्माचं चिन्ह उलटं केलं की ते सैतानाचं होतं, बघा." त्याच्याशी वाद घालायला जालन्याचाच एक जण होता, ख्रिस्ती घरातला, गेटला रंग द्यायला आलेला. जालन्याची ख्रिस्ती वस्ती जुनी. रेव्हरंड नारायण शेषाद्री यांनी 19व्या शतकात शहराजवळ बेथेल हे ख्रिस्ती गाव वसवलं तेव्हापासूनची. रंगारी म्हणाला, "दादा, तो पेत्राचा क्रूस आहे."

त्याचं बरोबर होतं. येशूचा शिष्य पेत्र याला सम्राट नीरोच्या काळात रोममध्ये मारलं. दुसऱ्या शतकातला 'पेत्राची कृत्ये' हा ग्रंथ, जो बायबलमध्ये घेतला गेला नाही, सांगतो की पेत्रानं स्वतःच डोकं खाली करून क्रुसावर चढवायला सांगितलं. तिसऱ्या शतकातला ख्रिस्ती विद्वान ओरिजेन यानंही तेच नोंदवलंय. आपल्या प्रभूसारखं मरण्याची आपली लायकी नाही, हे कारण बायबलचा लॅटिन अनुवाद करणाऱ्या जेरोमनं दिलंय आणि तेच पुढं रूढ झालं. चर्चमधला पालथा क्रूस हा त्या नम्रतेचा. पोप स्वतःला पेत्राचे वारस मानतात, म्हणून मार्च 2000 मध्ये इस्राएलमध्ये गालील सरोवराजवळ झालेल्या प्रार्थनेत पोप जॉन पॉल दुसरे यांच्या खुर्चीवर तो होता. तोच फोटो अजून फिरतोय. सैतानाशी त्याचं नातं अलीकडचं, भयपटांनी आणि संगीताच्या बँडनी घट्ट केलेलं. येशूची मूर्ती असलेला क्रूस पालथा केला तर मात्र ती विटंबना धरतात. तिथं पेत्राचा अर्थ लागत नाही.

या प्रकरणात क्रुसाची आठवण कामाची ठरते ती वेगळ्या कारणासाठी. क्रूस आणि स्वस्तिक बरोबर विरुद्ध वागतात. क्रुसाच्या डाव्या-उजव्या बाजू सारख्या, म्हणून आरशात किंवा पाठीमागून बघितला तरी तो तोच. पण वरचं खाली केलं की पालथा. स्वस्तिक फिरवून पालथं होत नाही, आरशात मात्र उलटतं. म्हणून क्रूस कापलेल्या पत्र्याला पाठपोटाची भीती नाही, आणि स्वस्तिक कापलेल्या पत्र्याला वर-खालीची नाही. 'पेत्राची कृत्ये' मध्ये पेत्र क्रुसावरून सांगतो की पहिला माणूस डोकं खाली करून पडला आणि त्यामुळे त्याला उजवं ते डावं आणि डावं ते उजवं दिसू लागलं. भूमितीच्या हिशेबानंही हे खरं आहे: शीर्षासनात बघणाऱ्याला डावं-उजवं बदललेलं दिसतं. पण शीर्षासनातही स्वस्तिक त्याला सरळच दिसेल.

करणीची भाषा जास्त पुढं गेली नाही. सरपंचांनी वेळीच तोंडं बंद केली. ते बरं झालं, कारण 2013 च्या महाराष्ट्राच्या जादूटोणाविरोधी कायद्यात, अमका करणी करतो असं सांगून त्याला जगणं कठीण करणं हाही गुन्हा आहे. मिस्त्री त्या दोन दिवसांत घराबाहेर पडला नव्हता.

दुरुस्ती

पहिला पर्याय स्वस्त होता. गोल कापून झालाच होता. तो पलटी करून, म्हणजे बाहेरची बाजू आत घेऊन, पुन्हा बसवायचा. मग बाहेरून दोन्ही पानं सरळ. तसा तो बसवताना दोन गोष्टी बघाव्या लागतात. कटिंग चकतीनं भोवती दीड मिलिमीटरपर्यंत फट राहते. ती भरायला सलग वेल्डिंग ओढलं तर 2 मिलिमीटरचा पत्रा तापून पोट काढतो; म्हणून समोरासमोर आठ टाके मारायचे, थंड होऊ द्यायचे आणि मग मधल्या फटी थोड्या-थोड्या भरायच्या. दुसरं, पावडर कोटिंग भट्टीत 180 ते 200 अंश सेल्सिअसला पक्कं होतं. गावात त्यावर टाका मारला की भोवतीचा थर जळतो आणि ब्रशनं दिलेला रंग कधीच त्याच्याशी जुळत नाही.

या पर्यायाला गुरवांनी नकार दिला, आणि त्यांच्या म्हणण्याला उत्तर नव्हतं. "रस्त्यावरच्याला सरळ दिसंल हो. देवाला उलटंच दिसणार न्हवं?"

म्हणून आरपारचा विचारच सोडला. दोन्ही पानांतले गोल काढले. उजवीकडचाही, नाहीतर जोडी विजोड दिसली असती. त्या जागी 500 मिलिमीटर व्यासाची, 2 मिलिमीटर जाड लोखंडी थाळी मागून बोल्टनं बसवली. एका थाळीचं वजन 3 किलोच्या आसपास, बिजागरीला जाणवेल असं नाही. थाळीच्या दोन्ही तोंडांवर पितळेचं एकेक स्वस्तिक, 14 इंची, दीड मिलिमीटर पत्र्याचं. म्हणजे एकूण चार.

पुन्हा चूक होता होता राहिली ती इथं. जालन्याच्या कटिंगवाल्यानं भल्या मनानं विचारलं, "आतल्या बाजूची दोन मिरर करून देऊ ना?" अजिबात नाही. प्रत्येक स्वस्तिक त्याच्या समोर उभं राहणाऱ्यासाठी असतं, म्हणून चारही एकाच फाइलमधून, एकाच दिशेचे. 'मागची बाजू म्हणजे मिरर' हा कारागिराच्या हाताचा नियम आहे आणि तो आरपार कामात लागू पडतो. इथं दोन स्वस्तिकांच्या मधे आंधळी थाळी आहे. दुसरी अडचण अशी की पितळ चकाकतं आणि लेझरचा उजेड परतवतं. म्हणून ते फायबर लेझरवरच कापायला द्यावं, जुन्या सीओटू (कार्बन डायऑक्साइड) लेझरच्या यंत्रावर धार नीट येत नाही.

बोल्टची भोकं कुठं पाडायची, यात खरी गोम आहे. एकच बोल्ट बाहेरचं स्वस्तिक, थाळी आणि आतलं स्वस्तिक, तिन्ही धरणार. पण पाठीला पाठ लावलेली दोन सरळ स्वस्तिकं एकमेकांवर बसत नाहीत: बाहेरून बघितलं तर आतल्याचे वळलेले तुकडे विरुद्ध दिशेला गेलेले असतात. दोघांत सामाईक असतं ते फक्त मधलं अधिकचिन्ह. वळलेल्या टोकांवर भोक पाडलं तर मागं पितळच नसतं आणि बोल्टचं डोकं उघडं पडतं. म्हणून एक भोक मध्यात आणि चार भोकं चार हातांवर, मध्यापासून 5 इंचांवर, वळणाच्या आत. 7 इंच लांब आणि 2 इंच रुंद हाताला ही जागा नेमकी पुरते. बोल्ट एम 6, स्टेनलेसचे. पितळ आणि लोखंड पावसात एकमेकांना टेकलं की लोखंडाला गंज लवकर धरतो, म्हणून मधे नायलॉनचे वॉशर. हे वॉशर विसरले तर पहिल्याच पावसाळ्यात पितळाखालून तांबडे ओघळ येतात आणि पुन्हा कुणाला तरी शंका सुचते.

चार टिकल्या 1 इंची पितळी चकत्यांच्या केल्या आणि इपॉक्सीनं चिकटवल्या. पत्र्याच्या कडेचा जळका रंग दोन इंच मागंपर्यंत खरवडून झिंक प्रायमरचा एक आणि पीयू (पॉलियुरेथेन) रंगाचे दोन हात दिले. काम सप्त्याच्या दुसऱ्या दिवशी, भजन चालू असताना संपलं.

हीच चूक आणखी कुठं होते

गेटची चूक निदान डोळ्यांना दिसते. रांगोळीची प्लास्टिकची जाळी दोन्ही बाजूंनी वापरता येते, आणि घाईत उलटी ठेवली की उंबऱ्यापुढं उलटं स्वस्तिक उठतं. महालक्ष्म्यांच्या आधी जाळी सरळ ठेवून वरच्या बाजूला नेलपॉलिशचा ठिपका देऊन ठेवावा. गाडीच्या काचेला आतून लावलेलं स्टिकर आतून सरळ असलं तर रस्त्यावरच्याला उलटं. रबरी शिक्का, पत्रिकेचा सोनेरी छाप, गणपतीचा प्लास्टरचा साचा, या सगळ्यांत साच्यावरची आकृती उलटी असावीच लागते. तिथं साच्यावर सरळ स्वस्तिक दिसलं तर घाबरायचं. सेल्फी कॅमेऱ्यात बघून भाळावर किंवा भिंतीवर काढू नये. मोबाइलच्या अक्षरांत दोन्ही दिशांची चिन्हं असतात, ती चिनी लिपीतल्या अक्षरांत मोडतात. लग्नपत्रिकेत त्यातलं डावं चिकटवलेलं वारंवार दिसतं.

सगळ्यात जास्त घडतं ते गणेशोत्सवाच्या फ्लेक्सवर, आणि तिथं स्वस्तिक नव्हे, गणपतीच उलटतो. बाप्पाचं तोंड मजकुराकडे हवं म्हणून डिझाइनवाला फोटो मिरर करतो आणि डाव्या सोंडेचा गणपती उजव्या सोंडेचा होतो. उजव्या सोंडेचा म्हणजे सोवळ्याचा, कडक, असं मानणाऱ्या गावात ही लहान गोष्ट नाही.

डिझाइनला एक साधी तोड आहे. कापायच्या रेषेच्या बाहेर, टाकाऊ पट्टीवर, रेषांत बदललेलं 'श्री' ठेवायचं आणि सगळ्यासकट मिरर होऊ द्यायचं. श्री वाचता आला तर स्वस्तिक सरळ. कापताना लेझरनं पत्र्याच्या कडेला 'बाहेर' असं हलकं कोरून घेतलं की मिस्त्री पत्रा कुठल्या अंगानं जोडायचा हे विचारत बसत नाही.

त्या गावातलं गेट पूर्वेला तोंड करून आहे. पहिल्या दिवशी, दोन्ही स्वस्तिकं आरपार होती तेव्हा, सकाळी बंद गेटमधून ऊन आत येऊन मंदिरासमोरच्या फरशीवर दोन उजळ स्वस्तिकं पडली होती, एक सरळ आणि एक उलटं. काकड्याला आलेली पोरं त्यांच्यावरून उड्या मारत होती. आता तिथं नुसत्या वेली पडतात आणि मधे दोन काळे गोल.